सूर एकाचे, सातबारा दुसऱ्याचा

१९९४ च्या सप्टेंबर महिन्यात लंडनच्या 'ख्रिस्टीज' या विख्यात लिलावगृहात एक जुना सॅक्सोफोन विक्रीस आला. वाद्य पितळेचे नव्हते. मलईच्या रंगाच्या प्लास्टिकचे होते. इंग्लंडमध्ये तयार होणारी ही वाद्ये नवी असतानाही पितळी सॅक्सोफोनपेक्षा पुष्कळच स्वस्त मिळत. पण त्या दिवशी बोली चढत गेली आणि अखेर ते वाद्य ९३,५०० पौंडांना विकले गेले. ते घेणारा कोणी हौशी धनिक नव्हता. अमेरिकेतील कॅन्सास सिटी या शहराने आपल्या नियोजित जॅझ संग्रहालयासाठी ते विकत घेतले होते.

ते वाद्य ज्याने वाजविले तो चार्ली पार्कर १२ मार्च १९५५ रोजी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात वारला. त्याला स्वतःचे धड बिऱ्हाड उरले नव्हते. एका चाहतीच्या खोल्यांत तो आश्रयाला होता. मृतदेह पाहणाऱ्या डॉक्टरांनी त्याचे वय पन्नास ते साठ असावे असा अंदाज केला. प्रत्यक्षात तो ३४ वर्षांचा होता. हयातीत त्याने आपली वाद्ये कितीदा गहाण टाकली आणि कितीदा मित्रांकडून मागून आणून कार्यक्रम केले, याची गणती नाही.

विसाव्या शतकातील संगीताला ज्यांनी वळण लावले अशा मोजक्या वादकांत पार्करची गणना होते. त्याच्या फुंकीतून निघालेले सूर आज जगभरच्या संगीतविद्यालयांत स्वरलिपीतून शिकविले जातात. मग ते सूर ज्याचे होते तो कफल्लक का मेला? या प्रश्नाला दोन ठरीव उत्तरे दिली जातात. प्रतिभावंत हे असेच मनस्वी आणि उधळे असावयाचे, हे एक. तो हेरॉइनचा व्यसनी होता, त्याचे त्यानेच भोगले, हे दुसरे. दोन्ही उत्तरांत थोडेफार तथ्य आहे; परंतु दोन्ही उत्तरांची सोय अशी की, त्यामुळे समाजाला स्वतःकडे पाहावे लागत नाही. पार्करचे आयुष्य जरा जमाखर्चाच्या वहीसारखे उघडून पाहिले, तर तिसरे उत्तर हाती येते. निर्मिती कोणाची आणि मालकी कोणाची, या प्रश्नापाशी ते घेऊन जाते.

भ्रष्ट शहरातील गुरुकुल

पार्करचा जन्म २९ ऑगस्ट १९२० चा. वडील एके काळी रंगमंचावर नाचगाणी करीत. पुढे रेल्वेच्या नोकरीत शिरले आणि कुटुंबापासून दुरावले. आई कचेऱ्यांची झाडलोट करून घर चालवी. ती रात्रपाळीला असे. मुलाला सॅक्सोफोन तिनेच घेऊन दिला आणि ती कामावर गेली की मुलगा क्लबांच्या मागच्या दारांशी जाऊन उभा राही.

ते शहरही विलक्षण होते. १९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. परंतु कॅन्सास सिटीत टॉम पेंडरगास्ट या राजकीय पुढाऱ्याची अशी काही हुकमत होती की, दारूबंदीचा कायदा शहराच्या वेशीवरच थबके. १९२९ नंतरच्या महामंदीत अन्यत्र नाट्यगृहे बंद पडली आणि वादकांवर उपासमारीची वेळ आली, तेव्हा या शहरात मात्र रात्रभर क्लब चालत आणि दूरदूरचे कृष्णवर्णीय वादक पोटासाठी इकडे येत. ज्याला आपण गुरुकुल म्हणू ते तेथे जुगाराच्या अड्ड्यांच्या आश्रयाने उभे राहिले. भ्रष्टाचाराने एका कलेचे पोषण केले, असा हा अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात न बसणारा दाखला आहे. प्राप्तिकर चुकविल्याबद्दल १९३९ मध्ये पेंडरगास्टला शिक्षा झाली आणि त्या क्लबांचा बहर ओसरू लागला.

त्या शहराच्या संगीताचा पाया ब्लूज हा होता. अमेरिकेच्या दक्षिणेतील कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या दुःखातून आलेला हा गीतप्रकार. चार-चार मात्रांची बारा आवर्तने, त्यांतील स्वरसंगतीचा क्रम बहुधा ठरलेला. त्या चौकटीत ज्याने त्याने आपले गाऱ्हाणे गावे. आपल्याकडील जात्यावरच्या ओवीशी त्याचे नाते सहज जुळावे. ओवी कोणी रचली हे कोणी विचारीत नाही. जी दळते ती गाते. ब्लूजची चौकटही अशीच गावकीची होती. तिचा सातबारा कोणाच्याच नावावर नव्हता. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरणार आहे.

१९३६ साली कोवळ्या वयातला पार्कर एका क्लबात जाणत्या वादकांबरोबर वाजवायला उभा राहिला आणि भरकटला. काउंट बेसीच्या वाद्यवृंदातील ढोलवादक जो जोन्स याने आपल्याजवळची झांज काढून त्याच्या पायांशी फेकली. सगळे हसले. पोरगा घरी गेला तो निश्चय करूनच. पुढल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका डोंगराळ भागातील वाद्यवृंदात काम करीत असताना त्याने लेस्टर यंग या सॅक्सोफोनवादकाच्या तबकड्या जवळ ठेवल्या आणि त्या सूर न् सूर घोटून काढल्या. आपण तीन-चार वर्षे रोज अकरा ते पंधरा तास रियाझ करीत होतो, असे त्याने १९५४ मधील एका नभोवाणी मुलाखतीत सांगितले. अर्थशास्त्रज्ञ ज्याला मानवी भांडवल म्हणतात ते हेच. कारखानदार यंत्र घेतो तेव्हा त्याच्या किमतीचा घसारा हिशेबात धरला जातो. वादकाच्या या भांडवलाची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही.

याच दिवसांत एका मोटार अपघातात त्याला गंभीर इजा झाली. दुखणे शमविण्यासाठी घेतलेल्या औषधांचा हात धरून मादक द्रव्ये त्याच्या आयुष्यात आली आणि विशी गाठण्याआधीच त्या विळख्यात तो पुरता सापडला. ही गोष्ट लपविण्यात अर्थ नाही. पुढील सर्व हिशेबात खर्चाच्या बाजूची सर्वांत मोठी रक्कम हीच आहे.

कर, बंदी आणि नवे संगीत

१९३९ च्या सुमारास पार्कर न्यूयॉर्कला आला. हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील एका खानावळीत आठवड्याला नऊ डॉलरवर त्याने भांडी घासली. कारण एवढेच की, आर्ट टेटम हा थोर पियानोवादक तेथे वाजवीत असे आणि मोरीतून त्याचे सूर ऐकू येत. नंतर तो जे मॅकशॅनच्या वाद्यवृंदात सामील झाला. १९४१ साली या वाद्यवृंदाने डेक्का कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले. वृंदापाशी नाना प्रकारचे संगीत होते. परंतु कंपनीला कृष्णवर्णीयांकडून हवे होते ते प्रामुख्याने ब्लूज. ग्राहकाला काय आवडते हे ठरविणारा बहुधा ग्राहक नसतो, विक्रेता असतो, हा नियम तेथेही लागू पडला.

काम संपल्यावर उत्तररात्री हार्लेममधील 'मिंटन्स' व 'मनरोज' या क्लबांत डिझी गिलेस्पी, थेलोनियस माँक, केनी क्लार्क आणि पार्कर यांच्या बैठकी रंगू लागल्या. जुन्याच चालींच्या स्वरसंगतीत नवे, आडवळणाचे स्वर घ्यावयाचे, लय दुप्पट करावयाची, आणि नाचणाऱ्यांच्या पायांऐवजी ऐकणाऱ्यांच्या कानांसाठी वाजवावयाचे, असा हा प्रयोग होता. पुढे त्याला 'बीबॉप' असे नाव पडले.

या संगीताच्या जन्मात दोन आर्थिक घटनांचा वाटा आहे. पहिली घटना १ ऑगस्ट १९४२ ची. अमेरिकेतील वादकांच्या संघाने त्या दिवसापासून ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. तबकड्या आणि नाणे टाकून वाजणारी यंत्रे यांमुळे जिवंत वादकाची गरज संपत चालली होती; तबकडी हजार वेळा वाजे आणि वादकाला पैसे एकदाच मिळत. कंपन्यांनी प्रत्येक तबकडीमागे काही रक्कम संघाच्या निधीत भरावी, ही मागणी होती. गिरणीत नवे माग आले की कामगार जो प्रश्न विचारतो तोच प्रश्न येथे वादक विचारीत होता. डेक्काने १९४३ मध्ये समझोता केला. दोन सर्वांत मोठ्या कंपन्या १९४४ च्या अखेरीपर्यंत अडून राहिल्या. परिणामी बीबॉपची घडण ज्या वर्षांत झाली त्या वर्षांतील अधिकृत ध्वनिमुद्रणे जवळजवळ नाहीतच.

दुसरी घटना १९४४ ची. युद्धखर्चासाठी अमेरिकन सरकारने जेथे नाच-गाणे चालते अशा उपाहारगृहांवर प्रथम ३० टक्के आणि काही महिन्यांनी २० टक्के कर बसविला. निव्वळ वाद्यसंगीत असेल तर करातून सूट होती. क्लबमालकांनी हिशेब केला, नाचाच्या फरश्यांवर टेबले मांडली आणि वीस वादकांच्या ताफ्याऐवजी चौघापाचांचा संच ठेवला. पार्करचे संगीत श्रोत्यांनी बसून ऐकावे अशी जागा त्याला मिळाली, त्यामागे रसिकांची अभिरुची जेवढी होती तेवढेच करखातेही होते.

चाल कोणाची?

२६ नोव्हेंबर १९४५ रोजी पार्करने सॅव्हॉय या लहानशा कंपनीसाठी स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रण केले. तरुण माइल्स डेव्हिस ट्रम्पेटवर होता, मॅक्स रोच ढोलावर होता, आणि गिलेस्पीने कधी ट्रम्पेट तर कधी पियानो सांभाळला. त्या एका दिवसात 'को-को', 'बिलीज बाउन्स' आणि 'नाउज द टाइम' या रचना तयार झाल्या. जॅझच्या इतिहासात या दिवसाचे स्थान वादातीत आहे.

'को-को'ची स्वरसंगती 'चेरोकी' या त्या काळच्या लोकप्रिय गीताची आहे. पहिल्या प्रयत्नात वादकांनी 'चेरोकी'ची मूळ चालच वाजवायला घेतली आणि त्यांना मध्येच थांबविण्यात आले. ते अर्धवट मुद्रणही उपलब्ध आहे. मूळ चाल वाजविली असती तर तिच्या धन्याला स्वामित्वधन द्यावे लागले असते, म्हणून ही थांबवणूक झाली असे सांगितले जाते. ती चाल गाळून पार्करने त्याच पायावर स्वतःचा इमला उभा केला.

येथे कायद्याची एक खुबी समजून घेतली पाहिजे. पाश्चात्त्य कायद्याने चालीला मालक मानला. तिच्याखाली चालणाऱ्या स्वरसंगतीच्या क्रमाला मानला नाही. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर, बंदिशीवर हक्क सांगता येतो, रागावर नाही. त्यामुळे जुन्या गीताची स्वरसंगती घेऊन तीवर नवी चाल बसविणे हा बीबॉपवाल्यांचा परिपाठ झाला. 'हाउ हाय द मून' या गीताच्या पायावर 'ऑर्निथॉलॉजी' उभे राहिले. 'आय गॉट रिदम'च्या पायावर तर कितीतरी रचना झाल्या. यात कंपनीचे पैसे वाचत होते आणि वादकालाही स्वतःची रचना म्हणून नोंद करता येत होती. म्हणजे कायद्याची ही फट वादकाच्या उपयोगाची होती. पण ज्याच्यापाशी नोंद करण्याची चिकाटी आणि वकिलाची फी आहे त्याच्याच.

कारण कायदा मानतो ते कागदावर उतरलेल्या चालीला. जॅझचा प्राण मात्र उपजेत आहे. बंदिशीची ओळ एका मिनिटात संपते. ख्याल उभा राहतो तो आलाप-तानांतून. पार्करच्या तबकडीतही चालीचा भाग थोडा आणि उपजेचा भाग मोठा. तो क्षणात निर्माण होई आणि कायद्याच्या लेखी ती रचना नव्हेच. ते केवळ ठरलेल्या वेळेचे काम, ज्याची मजुरी संघाच्या दराने दिली की हिशेब मिटला. ज्यामुळे तबकडी अमूल्य झाली, नेमके तेच बिनमोल ठरले.

याहून बोलके उदाहरण 'नाउज द टाइम'चे. ही ब्लूजची साधी, तोंडात घोळणारी रचना. १९४९ मध्ये पॉल विल्यम्स या दुसऱ्या सॅक्सोफोनवादकाने याच चालीवरची 'द हकलबक' ही नाचाची तबकडी काढली. तीही सॅव्हॉयनेच. कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या तबकड्यांच्या यादीत ती चौदा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. फ्रँक सिनात्रासारख्या गायकानेही ते गीत गायिले. श्रेय दुसऱ्यांच्या नावावर लागले. पार्करचे नाव त्यात नव्हते. ही चाल पार्करच्याही आधी वादकांच्या तोंडी होती असे म्हणणारे आहेत, आणि ते अशक्य नाही. ब्लूज हा गावकीचा होता हे वर आलेच आहे. परंतु मग गावकीच्या या जमिनीवर अखेर नाव लागले ते कोणाचे? सामाईक मालमत्ता ज्याला नोंदणीचा रस्ता ठाऊक असतो त्याच्या घरात जाते, हा अनुभव गायरानांच्या बाबतीत आपल्यालाही नवा नाही.

पार्करने स्वतःही आपले हित कधी जपले नाही, हेही तितकेच खरे. १९४६ मध्ये कॅलिफोर्नियात असताना 'डायल' या कंपनीकडून मिळणाऱ्या स्वामित्वधनाचा निम्मा हिस्सा त्याने एका मादक द्रव्य विकणाऱ्याच्या नावे रीतसर लिहून दिला. त्या माणसाच्या टोपणनावाने एक रचनाही केली. आजच्या घोटासाठी उद्याचे पीक सावकाराला लिहून देणे यालाच म्हणतात. त्याच वर्षीच्या २९ जुलैला त्याने 'लव्हर मॅन' ही रचना ध्वनिमुद्रित केली तेव्हा त्याला धड उभे राहवत नव्हते. त्या रात्री तो कोसळला, अटकेत गेला आणि कॅमरिलो येथील मनोरुग्णालयात त्याला सहा महिने काढावे लागले. ते मुद्रण त्याच्या इच्छेविरुद्ध बाजारात आले. माणूस मोडला तरी तबकडी विकली जाते, हे त्याला त्या वर्षी कळले.

परवाना आणि पोट

मग बाजार सदैव निष्ठुरच असतो काय? तसेही नाही. १९४९ च्या नोव्हेंबरात नॉर्मन ग्रँझ या निर्मात्याने तंतुवाद्यांच्या साथीत पार्करच्या तबकड्या काढल्या. त्या त्याच्या सर्व ध्वनिमुद्रणांत अधिक खपल्या. पुढल्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रस्त्यावर एक नवा क्लब उघडला. पार्करला मित्र 'यार्डबर्ड', थोडक्यात 'बर्ड' म्हणत. क्लबला त्याच्याच नावावरून 'बर्डलँड' असे नाव देण्यात आले. वयाच्या तिसाव्या वर्षी त्याच्या हाती नाव, चाहते आणि मिळकत हे सर्व येऊ पाहत होते.

परंतु न्यूयॉर्कमध्ये एक विचित्र नियम होता. १९४० पासून, जेथे मद्य विकले जाते अशा ठिकाणी काम करणाऱ्या प्रत्येकाला, मग तो वाढपी असो वा वादक, पोलिसांकडून ओळखपत्र घ्यावे लागे. ते देणे वा काढून घेणे पोलिसांच्या मर्जीवर होते. मादक द्रव्यांचा संबंध आला की ते हमखास जाई. गायिका बिली हॉलिडे हिचे ओळखपत्र १९४७ मध्ये गेले. माँकचे १९५१ मध्ये गेले. आणि त्याच वर्षी पार्करचेही गेले. ज्या शहरात त्याच्या नावाचा क्लब रात्रीमागून रात्री उजळत होता, त्याच शहरातील क्लबांत काम करण्याची सनद त्याच्याकडे उरली नाही.

या शिक्षेचे अर्थशास्त्र तपासण्यासारखे आहे. ओळखपत्र काढून घेतल्याने व्यसन सुटत नाही. सुटते ते बिऱ्हाड. घराजवळचे नियमित काम गेले की वादक गावोगावचे दौरे स्वीकारतो, अनोळखी साथीदारांबरोबर मिळेल त्या पैशांत वाजवितो, आणि ज्या संगतीपासून त्याला दूर ठेवावयाचे तीच संगत त्याला प्रत्येक गावी भेटते. १७ फेब्रुवारी १९५३ रोजी पार्करने राज्याच्या मद्य नियंत्रण मंडळाला एक पत्र लिहिले. आपला व्यवसाय करण्याचा हक्क हिरावला गेला आहे, आणि ज्यांचा काही अपराध नाही अशी बायको व तीन मुले त्याचे फळ भोगीत आहेत. डॉक्टरची फी देता न आल्यामुळे लहान मुलीच्या प्रकृतीची हेळसांड झाली आणि ती आज रुग्णालयात नगरपालिकेच्या खर्चाने आहे, असा त्या पत्राचा आशय होता. बर्डलँड ज्याच्या नावाने चालत होते त्या वादकाने एखाद्या बडतर्फ कारकुनासारखा हा अर्ज केला होता.

त्याच वर्षी १५ मे रोजी टोरांटोच्या मॅसी सभागृहात पार्कर, गिलेस्पी, पियानोवादक बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि रोच हे पाचही जण एकत्र वाजविण्यास उभे राहिले. त्या रात्री मुष्टियुद्धाची अजिंक्यपदाची लढत होती आणि सभागृह पुष्कळसे रिकामे होते. आयोजकांना ठरलेले पैसे देता आले नाहीत. आपल्याला मिळालेला धनादेश वटला नाही, अशी गिलेस्पीची तक्रार होती. पार्करच्या हातात त्या रात्री तोच प्लास्टिकचा सॅक्सोफोन होता. कार्यक्रमाची ध्वनिफीत मिंगस आणि रोच यांच्या कंपनीने प्रसिद्ध केली, पण दुसऱ्या कंपनीशी करार असल्यामुळे पार्करचे नाव त्या तबकडीवर छापता आले नाही. 'चार्ली चॅन' असे टोपणनाव छापावे लागले. त्या रात्रीचे संगीत पुढे अनेक जाणकारांनी जॅझच्या सर्वश्रेष्ठ मैफलींपैकी एक मानले. ज्याचे ते होते त्याला त्यावर स्वतःचे नावही लावता आले नाही.

६ मार्च १९५४ रोजी ती मुलगी, प्री, वारली. वयाची तीन वर्षेही तिला पुरी झाली नव्हती. बाप कामासाठी कॅलिफोर्नियात होता. त्याने रात्रीतून पत्नीला एकामागून एक तारा पाठविल्या. त्यानंतर तो सावरला नाही. त्या वर्षी त्याने आत्महत्येचा प्रयत्न केला, रुग्णालयात राहिला, बाहेर आला. १९५५ च्या मार्चमध्ये तो बर्डलँडमध्ये अखेरचा वाजला आणि आठवड्याभरात संपला.

मागे काय उरले

२ एप्रिल १९५५ रोजी त्याच्या मुलांच्या साहाय्यार्थ न्यूयॉर्कच्या कार्नेगी सभागृहात कार्यक्रम झाला. सभागृह तुडुंब भरले होते. त्याच्या मालमत्तेवरून वारसांत वाद झाले. ज्याच्यापाशी हयातीत भाड्याला पैसे नसत त्याच्या मागे भांडण्याजोगी मालमत्ता निघाली, कारण तबकड्यांचा खप आता कुठे सुरू होत होता. १९७४ मध्ये, मृत्यूनंतर १९ वर्षांनी, त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. १९८८ मध्ये त्याच्यावर चित्रपट निघाला. न्यूयॉर्कचे ते ओळखपत्र मात्र १९६७ मध्येच रद्द झाले होते. ज्यांचे आयुष्य त्याने पोखरले त्यांना त्याचा उपयोग नव्हता.

त्याच्या आयुष्यातील एक धागा मुंबईपर्यंतही आला आहे. १९५३ च्या जानेवारीत एका ध्वनिमुद्रणाच्या वेळी तरुण सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्सने आपण व्यसन सोडल्याचे पार्करला सांगितले. ते खोटे होते. पार्करला ते कळले तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर उमटलेले दुःख रोलिन्स विसरू शकला नाही. आपले अनुकरण करता करता पोरे व्यसनही उचलतात, ही जाणीव पार्करला जाळीत होती. रोलिन्सने पुढे उपचार घेतले आणि तो मुक्त झाला; पण ते सांगावयास पार्कर जिवंत नव्हता. साठीच्या दशकाअखेर रोलिन्स मुंबईत पवईच्या आश्रमात येऊन राहिला, आणि १९७८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या 'जॅझ यात्रे'त त्याने वाजविले. पार्करने मागे ठेवलेल्या वारशातील हा भाग कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात नाही.

पार्करचा प्रश्न त्याच्याबरोबर संपला, असे समजण्याचे कारण नाही. अमेरिकेत ध्वनिमुद्रणाला संघराज्याच्या कायद्याचे संरक्षण मिळाले ते १९७२ मध्ये; नभोवाणीवर तबकडी लागली की गीतकार-संगीतकाराला मोबदला मिळतो, वाजविणाऱ्याला नाही, हा तेथील दंडक या शतकातही चालू राहिला. आपल्याकडे १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात कलावंताच्या सादरीकरणाला स्थान नव्हते. ते १९९४ च्या दुरुस्तीने मिळाले, आणि व्यापारी वापरातून येणाऱ्या स्वामित्वधनात वाटा मिळण्याची तरतूद २०१२ च्या दुरुस्तीने झाली. कायदा झाला ही चांगली गोष्ट आहे. परंतु ढोलकीवाला, सारंगीवाला, चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणाला दिवसाच्या बोलीवर जाणारा वादक, यांच्यापैकी किती जणांना करारातील बारीक अक्षरे कोणी वाचून दाखविली असतील? ठोक रकमेवर अंगठा उठविणे हीच आजही बहुतेकांची रीत आहे. कारण घरभाडे महिन्याअखेर द्यावे लागते आणि स्वामित्वधन कधी येईल याचा भरवसा नसतो. गरीब माणूस भविष्य स्वस्तात विकतो, तो मूर्ख असतो म्हणून नव्हे, तर त्याला आजचा दिवस महाग पडतो म्हणून.

पार्करच्या व्यसनाला कोणतेही कायदेकानू जबाबदार धरता येणार नाहीत. चोख करार झाले असते, ओळखपत्र हाती राहिले असते, तरी तो कदाचित दीर्घायुषी झाला नसता. एवढे मात्र म्हणता येईल की, १९५३ च्या त्या अर्जातील औषधाचे बिल त्याच्या सुरांना सहज भागविता आले असते. 'हकलबक'च्या एका आठवड्याच्या खपातील लहानसा हिस्सा त्याला पुरला असता.

कॅन्सास सिटीच्या संग्रहालयात तो मलईच्या रंगाचा सॅक्सोफोन काचेच्या पेटीत ठेवला गेला. वस्तूची किंमत करणे समाजाला जमते. तिला मालक असतो, तिची पावती होते, तिचा लिलाव करता येतो. त्या वाद्यातून जी हवा गेली आणि सूर होऊन बाहेर पडली तिची पावती कोणी केली नाही. ९३,५०० पौंड मोजले गेले ते प्लास्टिकला नव्हेत, त्या हवेलाच. फक्त चाळीस वर्षे उशिरा आणि दुसऱ्याच पत्त्यावर.